फिल्मच्या काठावरचा आवाज : ऑप्टिकल साउंडच्या फिल्म घरच्या प्रोजेक्टरवर कशा वाजवायच्या?

सांजवात

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा मामा शाळांसाठी छोटे माहितीपट करायचा. मुंग्यांचं वारूळ, पाण्याचं चक्र, असे विषय. बहुतेकांचं निवेदन त्याचं स्वतःचंच असायचं. तो गेल्यावर त्याची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. तिच्यात १६ मिमीची सहा रिळं, सुपर ८ ची दोन आणि दोन प्रोजेक्टर निघाले. एक सुपर ८ चा, त्याच्यावर आवाजाची बटणं आहेत. दुसरा १६ मिमीचा, बराच जुना, त्याच्यावर आवाजाचं काहीच दिसत नाही.

काल सुपर ८ चं एक रीळ लावलं. चित्र छान आलं, आवाज मात्र नाही. बटण पूर्ण फिरवलं तरी नुसतं सूं सूं. मग फिल्म खिडकीशी धरून भिंगातून पाहिली. भोकांच्या समोरच्या काठाला तपकिरी पट्टी असते ना, ती नव्हतीच. तिच्या जागी करवतीच्या दात्यांसारखी काळी-पांढरी नक्षी होती, शेवटपर्यंत. १६ मिमीच्या रिळांवरही तशीच, फक्त जास्त रुंद.

हाच आवाज असणार असं वाटतंय. माझ्याकडच्या प्रोजेक्टरवर तो वाजेल का? नसेल तर काय करावं? मामाचा आवाज दुसऱ्या कशावरही नाही, ना कॅसेटवर, ना फोनमध्ये. १६ मिमीचा प्रोजेक्टर अजून चालू केलेला नाही. आज रात्री एक रीळ लावून बघायचा विचार आहे.

सोल्डरगन

सांजवातताई, आज रात्री १६ मिमीचं रीळ लावू नका. आधी एक गोष्ट तपासा.

प्रोजेक्टरमध्ये फिल्म ओढणारी दातेरी चाकं असतात, ती बघा. दाते चाकाच्या एकाच कडेला आहेत की दोन्ही कडांना? दोन्हीकडे असतील तर तो मूकपटांचा प्रोजेक्टर आहे आणि तुमच्या रिळांचा शत्रू आहे.

१६ मिमी फिल्म कोडॅकने १९२३ मध्ये आणली तेव्हा तिच्या दोन्ही काठांना भोकं होती. पुढे आवाज आला तेव्हा एका काठाची भोकं काढून टाकली आणि मोकळ्या झालेल्या जागेत ध्वनिपट्टी बसवली. बोलपटाच्या प्रोजेक्टरमध्ये म्हणून दाते एकाच बाजूला असतात. दोन्हीकडे दाते असलेल्या प्रोजेक्टरवर बोलपटाची फिल्म चढवली की दुसऱ्या बाजूच्या दात्यांना भोकं सापडत नाहीत आणि ते ध्वनिपट्टीतच घुसतात. चित्राला काहीही होत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

माझ्याकडे असं एक रीळ आहे, माझ्याच हातून गेलेलं. ४०० फूट, म्हणजे १६,००० चौकटी, आणि ध्वनिपट्टीवर तितकेच खड्डे. चित्र आजही स्वच्छ आहे. आवाजाच्या जागी घरघर. ते परत मिळवायचा कुठलाही मार्ग नाही.

सांजवात

आत्ता बॅटरी घेऊन पाहिलं. दाते दोन्ही बाजूंना आहेत. आणि रिळांना भोकं फक्त एकाच बाजूला.

हात थरथरतोय. तुम्ही वेळेवर लिहिलंत.

जुनापडदा

सोल्डरगन यांचा प्रतिसाद प्रत्येक ट्रंकेच्या झाकणावर चिकटवून ठेवायला हवा. उलट दिशेने मात्र धोका नाही, एवढी भर घालतो. दोन्ही काठांना भोकं असलेली मूक फिल्म बोलपटाच्या प्रोजेक्टरवर सुखाने चालते. फक्त आवाज बंद ठेवायचा, नाहीतर फोटोसेल, म्हणजे उजेडाची वीज करणारा भाग, भोकांनाच आवाज समजतो आणि सेकंदाला चोवीस ठोक्यांची गुरगुर ऐकू येते.

चोवीसचौकटी

सांजवात, तुम्ही जी नक्षी पाहिलीत तिच्याबद्दल थोडं सांगतो, कारण ती समजली की पुढे प्रोजेक्टर काय म्हणतोय हे कानांनीच कळायला लागतं.

ती करवत म्हणजे आवाजाचा फोटो. ध्वनिमुद्रण करताना आवाजाबरोबर कमीजास्त होणारा उजेड फिल्मच्या काठावर पाडतात. फिल्म धुतली की त्याची आकृती उरते. वाजवताना एक छोटा दिवा लागतो, त्याला एक्सायटर लॅम्प म्हणतात. त्याचा उजेड भिंगातून आणि एका फटीतून जातो आणि ध्वनिपट्टीवर केसाहून बारीक आडवी रेघ पडते. पट्टीच्या पलीकडे फोटोसेल असतो. फिल्म सरकते तसा रेघेतला कधी जास्त भाग काळा होतो, कधी कमी, फोटोसेलवर पडणारा उजेड थरथरतो, त्याची वीज होते, ती अँप्लिफायरमध्ये जाते. एवढंच आहे सगळं. यात कुठलाही भाग पट्टीला घासत नाही, म्हणून ती वाजवून झिजत नाही.

या पट्ट्या दोन प्रकारच्या दिसतात. तुमच्याकडची करवतीसारखी, तिच्यात पांढऱ्या भागाची रुंदी बदलते. दुसऱ्या प्रकारात रुंदी तीच राहते आणि करड्या रंगाच्या गडद-फिक्या आडव्या रेघा असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. प्रोजेक्टरला दोन्ही सारख्याच, कारण फोटोसेल फक्त किती उजेड आला तेवढंच मोजतो.

आता खरी अडचण, जागेची. ३५ मिमीची फिल्म सेकंदाला ४५७ मिमी धावते, १६ मिमीची १८३ आणि सुपर ८ ची जेमतेम १०२. हे सगळं सेकंदाला २४ चौकटींचं गणित. ५,००० हर्ट्झचा सूर घ्या, म्हणजे 'स' किंवा 'श' म्हणताना जो सीत्कार होतो त्याच्या आसपासचा. ३५ मिमीवर त्याची एक लाट सुमारे ०.०९ मिमी लांब असते, १६ मिमीवर ०.०३७ आणि सुपर ८ वर ०.०२. उजेडाची रेघ या लाटेहून बारीक नसेल, किंवा किंचित तिरकी असेल, तर रेघेत एकाच वेळी लाटेचा चढ आणि उतार दोन्ही येतात आणि तो सूर पुसला जातो. उशीतून बोलल्यासारखा आवाज येतो तो यामुळे.

निळीशाई

चौकटीराव, नेहमीप्रमाणे उत्तम.

सांजवात यांच्या सुपर ८ बद्दल. घरगुती सुपर ८ मध्ये आवाज बहुतेक करून चुंबकीय असायचा. तुम्ही म्हणता ती तपकिरी पट्टी म्हणजे कॅसेटच्या फितीसारखाच थर. तुमचा प्रोजेक्टर चुंबकीय डोकं घेऊन बसलाय आणि त्याच्यासमोरून फोटो चाललाय. त्याला त्यात काही सापडणार नाही, म्हणून सूं सूं. प्रोजेक्टर बिघडलेला नाही.

ऑप्टिकल आवाजाच्या सुपर ८ प्रतीही निघत. १९७० च्या दशकात विमानात प्रवाशांना दाखवायच्या चित्रपटांसाठी त्या वापरल्या जात, शाळांसाठीही निघायच्या. त्या वाजवायला चुंबकीय आणि ऑप्टिकल दोन्ही वाचणारा प्रोजेक्टर लागतो. एल्मो कंपनीच्या एसटी-१२०० आणि जीएस-१२०० या मॉडेलांच्या काही आवृत्त्या तशा आहेत. सगळ्या नाहीत, त्यामुळे नुसतं मॉडेलचं नाव बघून घेऊ नका. आतमध्ये एक्सायटर लॅम्पची छोटी कोठडी आहे का ते डोळ्यांनी बघा.

उनाडवारा

प्रश्न विचारतो. चुंबकीय प्रोजेक्टरमधलं डोकं काढून तिथेच एक एलईडी आणि एक फोटोसेल बसवला तर?

चोवीसचौकटी

उनाडवारा, चित्र आणि त्याचा आवाज फिल्मवर शेजारी शेजारी नसतात, तिथेच ते अडतं. गेटमध्ये, म्हणजे चित्राच्या दिव्यासमोरच्या खिडकीत, फिल्म झटक्या-झटक्याने सरकते, एक चौकट थांबते, मग पुढची. आवाज वाचायला मात्र फिल्म अखंड, एकसारखी वाहायला हवी. म्हणून आवाज वाचायची जागा गेटच्या पुढे थोड्या अंतरावर असते आणि आवाज तेवढा आधी छापलेला असतो. १६ मिमी ऑप्टिकलमध्ये २६ चौकटी, म्हणजे साधारण २० सेंमी. १६ मिमी चुंबकीयमध्ये २८. सुपर ८ चुंबकीयमध्ये १८, सुपर ८ ऑप्टिकलमध्ये २२.

चुंबकीय डोक्याच्या जागी फोटोसेल बसवला तर आवाज चार चौकटींनी चुकेल, सेकंदाचा सहावा भाग. ओठ आणि शब्द जुळणार नाहीत. निवेदन असेल तर चालूनही जाईल. त्याहून मोठा प्रश्न त्या ०.०२ मिमीच्या लाटेचा आहे. तितकी बारीक रेघ पाडणारं भिंग आणि ती सरळ धरून ठेवणारा सांगाडा घरी बनवणं फार अवघड आहे. मी दोनदा प्रयत्न केला. माणूस बोलतोय इतकं कळायचं, काय बोलतोय ते कळायचं नाही.

निळीशाई

त्यापेक्षा सुपर ८ च्या त्या दोन रिळांसाठी वेगळी वाट घ्या. फिल्म स्कॅन करताना काठापर्यंतचा पूर्ण पन्ना घ्यायला सांगा, ध्वनिपट्टीसकट. मग संगणक त्या नक्षीच्या चित्रावरूनच आवाज बनवतो. साउथ कॅरोलायना विद्यापीठात तयार झालेलं एईओ-लाइट हे सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. फिल्म आकसलेली असो, भोकं फाटलेली असोत, त्याला दातेरी चाकाशी देणंघेणं नाही.

सांजवात

बापरे, किती शिकायला मिळालं. सुपर ८ ची दोन्ही रिळं स्कॅनिंगसाठी बाजूला ठेवली.

१६ मिमीसाठी मामाच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी त्यांचा प्रोजेक्टर दिला आहे. दाते एकाच बाजूला, दोनदा मोजून पाहिले! ऑप्टिकल आवाजाचा आहे. कडेच्या झाकणाखाली तो छोटा दिवा लागलेला दिसतो. मामाची फिल्म न घालता नुसता चालू केला तर स्पीकरमधून मोठी गुंऽऽ अशी गुणगुण येते. फिल्म घालू का?

सोल्डरगन

आधी गुणगुण कुठून येते ते शोधू. व्हिजिटिंग कार्डासारखा एक जाड कागद घ्या. प्रोजेक्टर चालू, आवाज थोडा वर. एक्सायटर लॅम्प आणि साउंड ड्रम (आवाज वाचताना फिल्म ज्याच्यावरून वळते ते गुळगुळीत चाक) यांच्यामध्ये, जिथून उजेड जातो तिथे, तो कागद पटकन आत-बाहेर करा. प्रत्येक वेळी स्पीकरमधून 'फट' असा आवाज आला तर दिवा, उजेडाची फट, फोटोसेल आणि अँप्लिफायर सगळे जिवंत आहेत.

मग कागद तिथेच आडवा धरून ठेवा. गुणगुण थांबली तर ती उजेडातून येते आहे. तशीच राहिली तर अँप्लिफायरमधून, बहुधा वाळलेल्या कपॅसिटरमधून.

एक ताकीद. व्हॉल्व्हवाला जुना प्रोजेक्टर असेल तर मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब साठून राहतो.

सांजवात

व्हॉल्व्ह नाहीत, ट्रान्झिस्टरचा आहे.

कागद हलवला की फट फट येतंय! फारच आनंद झाला. कागद आडवा धरला तर गुणगुण निम्म्याने कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. हे कसं?

सोल्डरगन

खोलीत ट्यूब चालू आहे का?

सांजवात

हो, बरोबर डोक्यावर.

बंद केली. गुणगुण गेली. पूर्ण गेली.

सोल्डरगन

विजेचा दाब सेकंदाला ५० आवर्तनं घेतो, ट्यूबचा उजेड त्याच्या दुप्पट, १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही, फोटोसेलला कळतं. झाकण उघडं असल्यामुळे तो उजेड कागदाला वळसा घालून आत जात होता. याच कारणाने एक्सायटर लॅम्पला सरळ घरची वीज देत नाहीत. डीसी देतात किंवा कानाला ऐकू न येणाऱ्या फार वरच्या वारंवारतेची एसी देतात.

आता कानकाडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून साउंड ड्रम, त्याच्यावर दाबणारा रबरी रोलर आणि फटीसमोरचं भिंग पुसा. भिंगावर जोर नको, ते अगदी छोटं असतं. एक्सायटरच्या दिव्याला उघड्या बोटांनी हात लावू नका, फडकं वापरा. पहिली फेरी मामांच्या रिळाने करू नका. कुठलीही बिनमहत्त्वाची फिल्म चालवून तिच्यावर ओरखडे पडत नाहीत ना ते बघा.

जुनापडदा

आणि फिल्म चढवताना गेटखालचा लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, प्रोजेक्टरवर आखलेल्या खुणेइतकाच ठेवा. तो मोठा झाला तर आवाज चित्राच्या मागे पडतो, लहान झाला तर पुढे पळतो. खूपच लहान झाला तर गेटमधले झटके थेट ड्रमपर्यंत पोचतात आणि आवाज थरथरतो.

सांजवात

सोल्डरगनदादा, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. सहकाऱ्यांनीच दिलेली एक जुनी फिल्म आधी चालवली, एकही ओरखडा नाही. मग आज संध्याकाळी मुंग्यांचं रीळ लावलं.

मामा बोलला.

पण तो मामा वाटत नाही. आवाज फार खर्जातला, सावकाश, झोपेत बोलल्यासारखा. शब्द मऊ येतात, 'स' आणि 'श' कळतच नाहीत. आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, हा माझा भाऊ नव्हे.

चोवीसचौकटी

ताई, प्रोजेक्टरवर १८ आणि २४ असं काही लिहिलेलं बटण किंवा खटका आहे का? मूकपटासाठी १८ वर ठेवतात, बोलपट २४ चा असतो. १८ वर चालवला तर आवाज पाऊण वेगाने येतो. गाण्याच्या भाषेत, मूळ 'सा' लावला असेल तर मंद्रातला 'प' ऐकू येतो.

सांजवात

१८ वरच होता! २४ वर केला.

आईने डोळ्यांना पदर लावला. तोच आहे. तोच.

'स' मात्र अजून नीट येत नाही. आणि लांब स्वर ओढताना आवाज किंचित डुलतो.

चोवीसचौकटी

दोन वेगळी दुखणी आहेत.

डुलणं म्हणजे ड्रमचा वेग एकसारखा नाही. ड्रमच्या मागे एक जड चाक असतं, फ्लायव्हील. झाकण काढून ते बोटाने हलकेच फिरवा. ते बराच वेळ आपोआप फिरत राहिलं पाहिजे. अडखळून थांबलं तर बेअरिंगमधलं ग्रीस वाळलंय. दाबणारा रबरी रोलर वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिला असेल तर त्याला चपटी जागा पडते, तीही नखाने चाचपून बघा. चपट्या जागेचं डुलणं ठरावीक अंतराने येतं, ग्रीसचं कधीही येतं.

'स' न येण्याचं कारण बहुधा इमल्शनची बाजू. फिल्मच्या एका बाजूला चित्राचा थर असतो, दुसरी बाजू नुसतं प्लास्टिक. काही प्रतींत तो थर दिव्याकडे असतो, काहींत भिंगाकडे, ती प्रत कशी छापली त्यावर अवलंबून. फिल्मच्या जाडीइतकाच फरक, पण बारीक रेघ थराच्या थोडी अलीकडे किंवा पलीकडे पडली की ती फाकते. चांगल्या १६ मिमी प्रोजेक्टरवर यासाठी एक छोटी दांडी किंवा खाचेचा स्क्रू असतो. फिल्म चालू असताना तो अगदी थोडा फिरवा आणि चित्राकडे न बघता फक्त 'स' ऐका. जिथे सगळ्यात तीक्ष्ण येतो तिथे थांबा. फिरवण्याआधी मूळ जागेवर पेन्सिलीने खूण करायला विसरू नका.

थिएटरवाले हेच काम चाचणी फिल्मने करतात. एका फिल्मवर उंच सूर असतो, त्याने रेघ तीक्ष्ण आणि सरळ करतात. दुसरीवर पट्टीच्या दोन्ही कडांबाहेर दोन वेगळे सूर छापलेले असतात. रेघ बरोबर मधोमध असेल तर कुठलाच सूर ऐकू येत नाही. डावीकडे सरकली तर एक, उजवीकडे सरकली तर दुसरा. मला ती कल्पना फार आवडते, सगळं बरोबर आहे याची खूण म्हणजे शांतता. तुमच्याकडे ती फिल्म नसली तरी कान आहेत. रेघ चित्राकडे सरकली तर चौकटींची गुरगुर येईल, भरभर, सेकंदाला चोवीस.

निळीशाई

मी तर म्हणेन एक्सायटर लॅम्प काढून लाल एलईडी बसवा. डीसीवर चालतो, गुणगुण नाही, तापत नाही, आणि मूळ दिवे आता मिळणंही कठीण होत चाललंय.

सोल्डरगन

निळीशाई, इथे मी असहमत आहे. लाल उजेडाचा उपाय थिएटरच्या ३५ मिमीमधून आला. तिथे नंतरच्या काळात ध्वनिपट्टी चांदीऐवजी नुसत्या निळसर-हिरव्या रंगद्रव्याची करू लागले, त्याला सायन पट्टी म्हणतात. साध्या फिलामेंटच्या उजेडात इन्फ्रारेड भरपूर असतं, सिलिकॉनचा फोटोसेल तेच सगळ्यात जास्त बघतो, आणि रंगद्रव्यं इन्फ्रारेडला आरपार असतात. म्हणजे त्याला ती पट्टी काचेसारखी दिसते. लाल उजेडाला सायन रंग अडवतो, म्हणून तिथे लाल एलईडी हवाच.

ताईंच्या फिल्म त्या काळच्या नाहीत. कृष्णधवल असतील तर पट्टी चांदीची. रंगीत असतील तरीही पट्टीत चांदी मुद्दाम राखलेली असायची. तिथे मूळ दिवा उत्तम चालतो. एलईडी बसवताना त्याची जागा मिलिमीटरने चुकली तरी रेघेवर उजेड कमी पडतो, मग आवाज वाढवायला अँप्लिफायर ताणावा लागतो आणि खरखर वाढते. उसना आणलेला प्रोजेक्टर आहे, त्यात सोल्डरिंग नको. ४ व्होल्ट, ०.७५ अँपिअरचा दिवा बऱ्याच १६ मिमी प्रोजेक्टरमध्ये चालतो, पण त्याच्या बुडाचा आकार तोच हवा. फिलामेंट नेमक्या जागी धरायचं काम ते बूडच करतं. असा एक जास्तीचा दिवा जवळ ठेवा, पुरेल.

निळीशाई

उसन्या प्रोजेक्टरचा मुद्दा मान्य. माझ्या प्रोजेक्टरमध्ये मी एलईडी बसवलाय आणि समाधानी आहे, पण त्यासाठी दोन रविवार गेले हेही खरं.

जुनापडदा

रंगीत फिल्मचा विषय निघाला म्हणून. माझ्याकडची १९७० च्या दशकातली रंगीत रिळं आता पूर्ण गुलाबी झाली आहेत. झाडं गुलाबी, आभाळ गुलाबी. सायन रंग आधी उडतो, त्यामुळे असं होतं. पण आवाज पहिल्या दिवसासारखा आहे, कारण पट्टी चांदीची. कधी कधी मी दिवा मालवून नुसता आवाज ऐकतो.

सांजवात

दांडी सापडली. पेन्सिलीने खूण करून केसभर फिरवली आणि 'स' असा उमटला, जणू मामा तोंडासमोर येऊन बसला! 'सगळ्यात शेवटी शिपाई मुंग्या सरसावतात' असं एक वाक्य आहे, त्यातला प्रत्येक 'स' वेगळा ऐकू आला.

रोलरला चपटी जागा नव्हती. फ्लायव्हील अडखळत होतं. सहकारी स्वतः आले, जुनं ग्रीस पुसून एक थेंब हलकं तेल घातलं, आता डुलणं जवळजवळ नाही.

दोन रिळं झाली. दुसऱ्यात सात-आठ जोड आहेत, प्रत्येक जोडाला 'टक्' असा मोठा आवाज येतो. काही करता येईल?

चोवीसचौकटी

येईल, आणि हे काम हाताला फार गोड लागतं. जोडाची कड रेघेसमोरून जाते तेव्हा उजेड एकदम बदलतो, तोच 'टक्'. ध्वनिपट्टीवर जोडाच्या जागी दाट काळ्या शाईने छोटा त्रिकोण किंवा लांबट बदाम रंगवायचा, म्हणजे उजेड हळूहळू कमी होऊन हळूहळू परत येतो आणि 'टक्'च्या जागी नुसता श्वासाइतका खड्डा पडतो. याला ब्लूपिंग म्हणतात. जुन्या प्रतींवर असे काळे बदाम अनेकदा दिसतात, प्रयोगशाळेतल्या कुणीतरी ब्रशने काढलेले.

पण थांबा. आधी आवाज उतरवून घ्या. प्रोजेक्टरला लाइन आउट असेल तर तिथून, नसेल तर स्पीकरच्या जॅकवरून, आवाज कमी ठेवून रेकॉर्डरमध्ये. 'टक्' तिथे संगणकावर सहज काढता येतात. मूळ फिल्मवर शाई लावायची की नाही हे नंतर शांतपणे ठरवा. मी मामांच्या फिल्मला हात लावला नसता.

आणि लक्षात ठेवा, पडद्यावर जोड दिसल्यावर 'टक्' लगेच येत नाही. जोड गेटमधून ड्रमपर्यंत पोचायला २६ चौकटी लागतात. सेकंदाहून थोडं जास्त. त्या जागी आधी चित्र उडी मारतं, मग आवाज.

सांजवात

शाई नको. उतरवून घेते.

आज तिसरा डबा उघडला. पाण्याचं चक्र. झाकण काढताच आंबूस, शिरक्यासारखा भपकारा आला. फिल्म कडांना थोडी लाटांसारखी झाली आहे.

सोल्डरगन

हे रीळ प्रोजेक्टरवर चढवू नका. अॅसिटेटची फिल्म सडायला लागली की तिच्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं, तोच हा वास. अशी फिल्म आकसते, भोकांमधलं अंतर कमी होतं आणि दाते ती फाडतात.

किती आकसली ते घरीच मोजता येतं. टेबलावर फिल्म सपाट पसरा, सुती हातमोजे घालून. १०० चौकटी मोजा आणि लांबी घ्या. धड प्रतीत ती ७६२ मिमी भरते. तुमची ७५६ च्या आसपास आली तर ०.८ टक्के आकसली, तिथेच प्रोजेक्टरचा मार्ग बंद समजा.

सांजवात

दोनदा मोजलं. ७५४.

सोल्डरगन

मग हे रीळ सुपर ८ च्या दोन रिळांबरोबर स्कॅनिंगला द्या, पूर्ण पन्ना, काठासकट. सगळ्यात आधी हेच द्या, बाकीची वाट पाहू शकतात. तोपर्यंत हा डबा बाकीच्या डब्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवा, वाफा इतर रिळांनाही लागतात. हवाबंद करू नका, आम्ल आत कोंडलं तर सडणं वाढतं. थंड, कोरडी जागा.

सांजवात

वेगळा ठेवला. उद्या सकाळी स्वतः नेऊन देणार आहे.

जाता जाता एक सांगते. डबा बंद करण्याआधी भिंगातून फिल्मची सुरुवात पाहिली. शीर्षक संपतं, मग थोडी जागा पट्टीतली पांढरी रेघ दोऱ्यासारखी बारीक होत जाते, जवळजवळ नाहीशी. आणि मग एकदम फुलते. तिथे मामा बोलायला सुरुवात करत असणार.

चोवीसचौकटी

होय ताई, तिथेच. आवाज नसतो तेव्हा पट्टी मुद्दाम बारीक करतात, म्हणजे उघड्या भागातली धूळ आणि ओरखडे ऐकू येत नाहीत. मात्र तो चित्रातल्या त्या जागेचा आवाज नव्हे, २६ चौकटी पुढच्या चित्राचा. तिथून २६ चौकटी मोजा, तिथे काय दिसतं ते बघा.

सांजवात

मोजल्या. पावसाचा पहिला थेंब अंगणातल्या धुळीत पडतोय.